कपाळावरचा लेख आणि कपाळामागचा मेंदू

मंडळी, मूल जन्माला आले की पाचवीच्या रात्री घरात पूजा मांडतात आणि पूजेजवळ कोरा कागद नि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. पुढे तेच मूल शाळेत मागे पडले, की ‘त्याच्या कपाळातच विद्या नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. कोणी तापट निघाला, कोणी विसराळू निघाला, की दुसरी म्हण तयारच असते: स्वभावाला औषध नाही.

कपाळावर काही लिहिलेले असते की नसते, हा वाद आज आपल्याला घालायचा नाही. कपाळाच्या मागे जे आहे, त्याची हकीकत सांगायची आहे. तिथे सव्वा ते दीड किलो वजनाचा, लोण्यासारखा मऊ, सुरकुतलेला एक गोळा आहे. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. शरीराच्या वजनात त्याचा वाटा शंभरात दोन, पण शरीराला लागणाऱ्या एकूण शक्तीचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. म्हणजे घरात पाच भाकरी झाल्या, तर त्यांतली एक या एका धन्याची.

आपली बोली, आठवण, राग-लोभ, वागणूक हे सारे या गोळ्यावर अवलंबून आहे, हे माणसाला कळले कसे? आणि ते कळल्यावर त्याने या ज्ञानाचा उपयोग दुसऱ्याच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी केला, की मारलेला शिक्का पुसण्यासाठी? या दोन प्रश्नांचा इतिहास मोठा बोधक आहे. त्यातली मुख्य पात्रे राजेमहाराजे नाहीत. रस्त्याच्या कामावरचा एक मुकादम, एक कारागीर, एक साधा कामगार आणि पुण्याची एक विदुषी, अशी ती माणसे आहेत.

प्रथम थोडी मागची गोष्ट. मन राहते कुठे, याबद्दल जुन्या काळी दोन पक्ष होते. ग्रीस देशातला थोर तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणे, विचार आणि भावना हृदयात राहतात. मेंदूचे काम रक्त थंड ठेवण्याचे. आपल्याकडे सुश्रुताने हृदयालाच चेतनेचे स्थान म्हटले. चरकाने मात्र डोक्याला ‘उत्तमांग’ म्हणून गौरविले आणि सर्व इंद्रिये तिथे आश्रयाला आहेत असे सांगितले. आपली भाषा अजून दोन्ही पक्ष धरून आहे. शब्द काळजाला लागतो, गोष्ट पोटात ठेवायची असते, आणि हिशेब जमेना की डोके चालत नाही!

ग्रीसमध्येच, आजपासून सुमारे २,४०० वर्षांपूर्वी, हिपोक्रॅटिस या वैद्याच्या परंपरेतला एक ग्रंथ लिहिला गेला. त्याचा विषय फेफरे, म्हणजेच मिरगी किंवा अपस्मार. त्या काळी हा रोग देवाच्या कोपामुळे होतो असे लोक मानीत आणि त्याला ‘पवित्र रोग’ म्हणत. ग्रंथकर्त्याने निक्षून सांगितले की हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही. त्याचे कारण मेंदूत आहे, आणि आपले हसणे, रडणे, भिणे, विचार करणे हेही मेंदूतूनच येते. बिनयंत्राच्या काळात केवळ निरीक्षणावर एवढे सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. पण हे म्हणणे सर्वांच्या गळी उतरायला दोन हजार वर्षे लागली.

आता एकदम अठराव्या शतकाच्या अखेरीस येऊ. व्हिएन्ना शहरात फ्रान्झ योझेफ गाल नावाचा एक वैद्य होता. शाळेत असताना त्याने पाहिले होते की काही मुले पाठांतरात त्याला मागे टाकतात, आणि त्या मुलांचे डोळे मोठे, पुढे आलेले असतात. पुढे वैद्य झाल्यावर त्याने यावरूनच एक शास्त्र रचले. त्याच्या मते मेंदू हा एक अवयव नव्हता. २७ निरनिराळ्या शक्तींची ती २७ दालने होती. जे दालन मोठे, तिथली कवटी बाहेरून फुगलेली. म्हणून डोके चाचपून पाहिले की माणूस दयाळू आहे, चोर आहे की कवी आहे, हे सांगता यावे!

मेंदूच्या वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी कामे आहेत, हा त्याचा अर्धा विचार खरा ठरला. उरलेला अर्धा मात्र साफ खोटा. कवटीवरच्या उंचवट्यांचा आतल्या मेंदूच्या गुणांशी काही संबंध नाही. तरी हे डोके चाचपण्याचे वेड युरोप-अमेरिकेत अनेक वर्षे टिकले. लोक पैसे मोजून डोकी दाखवीत. सटवाईचा लेख निदान कोणाला वाचता येत नव्हता. या पंडितांनी तो वाचून दाखवण्याचे दुकान मांडले.

खरा धडा मिळाला तो पंडितांच्या दुकानात नाही, तर रेल्वेच्या कामावर. तारीख १३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेचा रस्ता काढण्यासाठी खडक फोडण्याचे काम चालले होते. फिनियस गेज नावाचा २५ वर्षांचा तरुण तिथल्या टोळीचा मुकादम होता. तुमच्यापैकी ज्यांनी विहिरीच्या कामावर सुरुंग लावताना पाहिले आहेत त्यांना ही रीत ठाऊक आहे. खडकात भोक पाडायचे, त्यात दारू भरायची, वात सोडायची, वर वाळू किंवा माती घालायची आणि मग लोखंडी पहारेने ठासायचे. गेजची पहार खास त्याच्यासाठी घडवून घेतलेली होती: ३ फूट ७ इंच लांब, सव्वा इंच जाड, एका टोकाला निमुळती, वजन सुमारे ६ किलो.

त्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास गेजचे लक्ष क्षणभर मागे काम करणाऱ्या माणसांकडे गेले. वाळू टाकायची राहिली असावी. पहार खडकावर घासली, ठिणगी पडली आणि दारूचा भडका उडाला. पहार खालून गेजच्या डाव्या गालात शिरली, डाव्या डोळ्याच्या मागून गेली आणि कपाळाच्या वर डोके फोडून बाहेर पडली. ती सुमारे ८० फुटांवर जाऊन कोसळली.

गेज मेला असे सर्वांना वाटले. पण थोड्याच मिनिटांत तो बोलू लागला! बैलगाडीत ताठ बसून तो पाऊण मैलावरच्या मुक्कामी आला, आणि पहिला डॉक्टर येईपर्यंत बाहेर खुर्चीवर बसून राहिला. त्यानंतर जॉन हार्लो नावाच्या तरुण डॉक्टरने त्याचा उपचार हाती घेतला. जंतूंची आणि जंतुनाशकांची ओळख तेव्हा वैद्यकाला नव्हती. जखम चिघळली, पू झाला, गेज बेशुद्धीत गेला, घरच्यांनी शवपेटीची तयारीही ठेवली. हार्लोने पू काढून टाकला, चिकाटीने शुश्रूषा केली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस गेज आपल्या आईबापांच्या घरी पोहोचला. डावा डोळा तेवढा कायमचा गेला.

शरीर बरे झाले, पण माणूस? हार्लोने २० वर्षांनी, १८६८ साली, आपले निरीक्षण छापले. अपघातापूर्वी गेज कामसू, समतोल, धन्याचा विश्वासू मुकादम होता. अपघातानंतर तो चंचल झाला, अचकटविचकट बोलू लागला, आज एक बेत करी आणि उद्या तो मोडी. ओळखीचे लोक म्हणत, हा पूर्वीचा गेज नव्हेच. मालकाने त्याला मुकादमकीवर परत घेतले नाही. कपाळामागच्या मेंदूचा संबंध माणसाच्या सभ्यतेशी, धीराशी, पुढचा विचार करण्याशी असावा, हे या एका हकीकतीमुळे जगापुढे आले.

इथेच पुष्कळ पुस्तके ही गोष्ट संपवतात. काही लेखकांनी तर गेजला दारुडा, भांडखोर, आयुष्यभर भटकत राहिलेला माणूस करून टाकले. पण गुरुजी, तुम्ही वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा पुढचा भाग अवश्य सांगा, कारण खरे मोल तिथे आहे. न्यू यॉर्कच्या एका प्रदर्शनात काही काळ लोकांना आपली पहार दाखविल्यावर गेज एका तबेल्यात कामाला राहिला. मग १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेला. तिथे व्हाल्पाराइसो ते सान्तियागो या वाटेवर धावणारी घोडागाडी हाकण्याचे काम तो करू लागला. सहा घोड्यांचे लगाम, अवघड रस्ता, परकी भाषा, वेळापत्रक, उतारूंशी बोलणे, घोड्यांची निगा! हे काम चंचल आणि बेफाम माणसाचे नाही. असे काम त्याने अनेक वर्षे केले. प्रकृती ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आईजवळ आला. १८६० साली त्याला फेफऱ्याचे झटके येऊ लागले आणि २१ मे १८६० रोजी, ३६ व्या वर्षी, तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या वैद्यकीय संग्रहालयात आजही आहेत.

२००९ साली गेजचे एक जुने छायाचित्र ओळखले गेले. नीटनेटका पोषाख, एक डोळा मिटलेला, हातात तीच पहार, आणि चेहऱ्यावर आत्मविश्वास. पुस्तकातल्या वाया गेलेल्या माणसाशी हे चित्र जुळत नाही. आज अनेक अभ्यासकांना वाटते की अपघातानंतरच्या सुरुवातीच्या काळात त्याचा स्वभाव बिघडला हे खरे. पण रोजचे ठरलेले काम, त्याची शिस्त आणि माणसांचा सहवास यांमुळे तो पुष्कळसा सावरला असावा. मेंदूला झालेली इजा खरी होती. पण त्या इजेने त्याच्या आयुष्याचा शेवटचा शब्द लिहिला नव्हता.

दुसरी हकीकत फ्रान्समधली. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण २१ वर्षे पडून होता. तरुणपणी तो कारागीर होता. त्यालाही लहानपणापासून झटके येत. तिशीच्या सुमारास त्याची वाचा गेली आणि तोंडात एकच अक्षरजोड उरली: ‘तां’. काहीही विचारा, उत्तर ‘तां तां’. रुग्णालयात त्याचे नावच तां पडले. राग अनावर झाला तर एखादी शिवी मात्र तोंडून सुटे. बाकीचे रुग्ण त्याला कजाग म्हणत, चोरही म्हणत.

१८६१ च्या एप्रिलमध्ये पायाच्या दुखण्यासाठी त्याला पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याकडे आणले. ब्रोकाने त्याला विचारले, इथे किती वर्षे आहेस? लबोर्न्यने हाताची पाची बोटे चार वेळा उघडून दाखवली आणि शेवटी एकच बोट वर केले. २१ वर्षे. अगदी बिनचूक! ज्याला लोक मूढ समजत होते त्याचा हिशेब शाबूत होता, समज शाबूत होती. फक्त शब्द बाहेर येण्याची वाट बंद झाली होती. काही दिवसांतच, १७ एप्रिलला, तो वारला. ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात खाली, एक जागा नासलेली आढळली. असेच आणखी रुग्ण पाहून त्याने १८६५ च्या सुमारास सांगितले की आपण बोलतो ते मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूने. त्या जागेला आजही ब्रोकाचे नाव आहे.

आपल्या गावात अर्धांगाचा झटका आलेला एखादा म्हातारा असतो. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द फुटत नाही. लोक त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलतात, ‘याला आता काही कळत नाही’ म्हणतात. मंडळी, लबोर्न्यची ती बोटे आठवा. पुष्कळ वेळा त्याला सारे कळत असते. त्याच्याशी सावकाश, लहान वाक्यांत बोलावे, उत्तराला वेळ द्यावा, खुणा कराव्या, चित्रे दाखवावी.

पण ब्रोकासारखा मोठा माणूसही एका जागी घसरला. त्याला मेंदूंची वजने करण्याची आणि कवट्या मोजण्याची भारी हौस. मोठा मेंदू म्हणजे मोठी अक्कल, असे त्याने धरले. मग बायकांचा मेंदू पुरुषांपेक्षा लहान, म्हणून बायका कमी. अमक्या लोकांची कवटी लहान, म्हणून ते लोक हलके, अशी मांडणी सुरू झाली. वास्तविक बाईचे शरीर सरासरीने लहान, म्हणून तिचा मेंदूही थोडा लहान. अकलेचा तिथे काही प्रश्न नाही. गंमत पाहा. रशियन लेखक तुर्गेनेव्ह याच्या मेंदूचे वजन दोन किलोच्या वर भरले. फ्रेंच लेखक आनातोल फ्रान्स याचा मेंदू जेमतेम एक किलोचा निघाला, आणि नोबेल पारितोषिक मिळाले होते ते त्यालाच, १९२१ साली! तराजूने धान्य मोजावे, बुद्धी मोजू नये.

तरी हा तराजू बाजूला पडला नाही. युरोपातल्या राज्यकर्त्यांना तो सोयीचा होता. आम्ही गोरे वरच्या दर्जाचे, बाकीचे खालच्या दर्जाचे, हे शास्त्राच्या नावाने सांगता येत होते. या गोष्टीत आपल्या महाराष्ट्रातली एक बाई कशी उभी राहिली, ते आता ऐका.

इरावती कर्वे यांचे नाव ‘युगान्त’मुळे आपल्या घराघरांत माहीत आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई. त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानवशास्त्र शिकायला गेल्या. तिथले त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे मोठे नावाजलेले प्राध्यापक होते आणि गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वावर त्यांचा विश्वास होता. कवटीची डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी नसते. हा असमानपणा गोऱ्या लोकांत अधिक असावा आणि त्यांच्या तर्कबुद्धीशी त्याचा संबंध असावा, असा प्राध्यापकांचा तर्क होता. तो तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही आफ्रिकेसारख्या दूरदेशांतून, वसाहतींतून आणलेल्या. मोजमाप संपले तेव्हा निष्कर्ष स्पष्ट होता: कवटीचा असमानपणा आणि वंश यांचा काही संबंध दिसत नाही. परदेश, परकी भाषा, पदवी गुरूच्या हातात, आणि गुरूला हवे असलेले उत्तर उलटे! अशा वेळी आकडे थोडे इकडेतिकडे वळविण्याचा मोह कोणालाही व्हावा. बाईंनी जे मोजले तेच लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे तीनच वर्षांत जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि फिशर यांच्यासारख्यांच्या वंशविचाराचा आधार घेऊन भयंकर अत्याचार झाले. त्या पार्श्वभूमीवर पुण्याच्या या तरुण विद्यार्थिनीने लिहिलेले ते खरे उत्तर फार मोलाचे वाटते. विज्ञान म्हणजे यंत्रे नि प्रयोगशाळा एवढेच नव्हे, मोजले ते लिहिण्याची हिंमतही त्यात आली, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

आता शेवटची माणसाची हकीकत. हेन्री मोलेसन, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला कामगार. फेफऱ्याने त्याचे जगणे अशक्य केले होते. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शस्त्रवैद्याने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतल्या अंगाचा थोडा भाग काढून टाकला. समुद्रघोड्यासारख्या आकाराचा एक अवयव तिथे असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याचाही मोठा भाग त्यात गेला. झटके पुष्कळ कमी झाले. पण हेन्रीची नवी आठवण साठण्याचेच बंद झाले. लहानपणचे आठवे, बोलणे हुशारीचे, स्वभाव गोड. पण आता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला तर तो त्याला नवाच वाटे. ब्रेंडा मिल्नर या बाईंनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि दर वेळी त्यांना स्वतःची ओळख नव्याने करून द्यावी लागली.

मिल्नरबाईंनी एक प्रयोग केला. समोर आरसा ठेवायचा, हात आडोशाला, आणि आरशात पाहत चांदणीची आकृती गिरवायची. घरी करून पाहा. हात भलतीकडेच जातो! हेन्रीने तीन दिवस हा सराव केला. दर वेळी त्याला वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत. पण हात मात्र सफाईदार होत गेला. म्हणजे आठवण एक प्रकारची नाही. घडलेली गोष्ट सांगण्याची आठवण निराळी आणि हाताला लागलेले वळण निराळे. दोहोंच्या जागाही मेंदूत निराळ्या. सायकल, पोहणे, कुंभाराचे चाक, शिवणकाम यांचे ज्ञान पाठांतराने येत नाही आणि सरावाने आलेले सहसा जात नाही, ते यामुळेच. हेन्री २००८ साली वारला. तोवर शास्त्रज्ञांनी त्याचे पूर्ण नाव जगापासून गुप्त ठेवले होते.

आणि ज्या भागाच्या अभावी हेन्री अडला, त्या हिप्पोकॅम्पसविषयी पुढे आणखी एक शोध लागला. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २००० साली त्यांच्या मेंदूंची चित्रे घेतली तेव्हा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. २०११ साली छापलेल्या पुढच्या अभ्यासात असे आढळले की शिकाऊ चालकांत जे वर्षानुवर्षे अभ्यास करून परीक्षा उतरले, त्यांच्यातच हा बदल घडला. मोठ्या वयाच्या माणसाचा मेंदूही शिकण्याने बदलतो, याचा हा पुरावा.

तुम्ही म्हणाल, लंडन दूर आहे. मग लखनौ घ्या. तिथल्या जवळच्या दोन खेड्यांत निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी लिहा-वाचायला शिकवले. ही आपलीच लिपी बरं का! वये तिशीच्या आसपासची. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूंची चित्रे घेतली. सहा महिन्यांत त्यांना पहिलीतल्या मुलाइतके वाचता येऊ लागले. आणि मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर पार आत, देठाजवळच्या जुन्या भागांतही फरक दिसला: डोळ्यांनी पाहिलेल्याची दखल घेणारे भाग एकमेकांशी अधिक सुरात काम करू लागले होते. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका बाईने पाटीवर ‘क’ गिरवला आणि तिच्या कपाळामागे नवी वाट मळली, असे म्हटले तर ती नुसती कविकल्पना ठरणार नाही.

तर मंडळी, या साऱ्या इतिहासातून आपल्या घरात आणि शाळेत काय न्यायचे?

फेफऱ्यापासून सुरुवात करू, कारण गेज, लबोर्न्य, हेन्री या तिघांनाही त्याने गाठले होते. फेफरे हे मेंदूतल्या विजेच्या क्षणिक गोंधळाचे दुखणे आहे. झटका आलेल्याला जोडा किंवा कांदा हुंगवू नये, दाबून धरू नये, दातांत चमचा घालू नये. आजूबाजूच्या लागतील अशा वस्तू दूर कराव्या, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तडक दवाखाना गाठावा. नियमित औषधाने दहांतल्या सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. अशा मुलाला शाळेतून काढू नये, अशा मुलीचे दुखणे लपवून ठेवू नये.

दुसरे, डोक्याला मार लागल्यानंतर जर घरातला शांत माणूस एकाएकी चिडका, बेपर्वा किंवा उदास झाला, तर ‘याची नियत फिरली’ असा निकाल देऊ नका. आता गावोगावी मोटारसायकली आहेत आणि बहुतेकांचे डोके उघडे असते. कपाळामागच्या भागाला इजा झाली तर स्वभाव बदलतो, हे गेजने दाखवून दिले आहे. डॉक्टरला दाखवा, आणि त्या माणसाला झेपेल असे रोजचे ठरलेले काम द्या. गेजला सावरले ते बहुधा अशाच कामाने. आणि हो, शिरस्त्राण घाला!

तिसरे तुमच्यासाठी, गुरुजी आणि बाई. ‘ढ’ हा शिक्का मारायला क्षणही लागत नाही, पुसायला आयुष्य पुरत नाही. प्रत्येक मूल सारखेच शिकेल असे विज्ञान म्हणत नाही. फरक असतात, काही जन्मजातही असतात. पण कोणाच्या मेंदूत काय मावेल याची सीमा बाहेरून पाहून सांगण्याचा ज्याने ज्याने प्रयत्न केला, गालने चाचपून, ब्रोकाने तोलून, फिशरने मोजून, तो तो तोंडघशी पडला. जे मूल तोंडी सांगू शकत नाही ते कदाचित हाताने करून दाखवील. ज्याला पहिल्या दिवशी येत नाही त्याला विसाव्या दिवशी येईल. सराव, पुरेशी झोप, पोटभर अन्न आणि न भिता चुकण्याची मुभा, एवढ्या गोष्टी मेंदूला खतपाण्यासारख्या लागतात.

स्वभावाला औषध नाही, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने केली. तिच्यात तथ्य नाही असे नाही. स्वभाव सहजी बदलत नाही. पण तो दगडावरची रेघही नाही. आपल्या माळरानावर पायवाट कशी पडते ते तुम्ही जाणता. कोणी आखून दिलेली नसते. माणसे रोज चालतात म्हणून ती पडते, आणि चालणे थांबले की गवत उगवते. मेंदूतल्या वाटाही बऱ्याच अंशी तशाच आहेत. तेव्हा पाचवीच्या रात्री कोरा कागद ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. पण त्यावर लिहिण्याचे काम सकाळपासून आपल्याकडे आहे, हे विसरू नका.